चमच्यातला च

बाईंना माणसांची नावं आवडत नसत. माणसंही फारशी आवडत नसत, पण त्यांचं म्हणणं असं की माणूस काही स्वतःहून जन्माला येत नाही, तेव्हा त्याला एक वेळ सोडून देता येईल. नाव मात्र कुणीतरी चांगलं शुद्धीवर असताना ठेवलेलं असतं.

दादरच्या एका मराठी शाळेत आम्ही बरीच वर्षं एकाच स्टाफरूममध्ये बसलो. त्या गणित शिकवत, मी मराठी. माझ्याहून त्या वीसेक वर्षांनी मोठ्या. जूनमध्ये नव्या वर्गाची पहिली हजेरी घ्यायला त्या उभ्या राहिल्या की शेजारच्या वर्गात मी माझं शिकवणं थांबवून ऐकत असे. खोटं कशाला सांगू, मुलांना लिहायला देऊन ऐकत असे.

"रोनिल."

"हजर, बाई."

"अर्थ?"

"आईचं नाव नीलम, बाबांचं रोहिदास."

"म्हणजे तू संधी आहेस की समास? बस खाली. पुढचा. लकी."

"हजर."

"मागच्या वर्षी गणितात किती?"

"सतरा, बाई."

"बस."

लोक म्हणत, बाई मुलांचा अपमान करतात. मला तसं वाटलं नाही. त्या आईबापांचा अपमान करत, मुलं फक्त तो घरी पोचवत.

त्यांचं स्वतःचं नाव हेफ्झिबा. म्हणजे शाळेच्या दप्तरात तसं लिहिलेलं होतं. बाई बेने इस्राएल, आपल्या अलिबागकडच्या मराठी ज्यूंपैकी. गावाकडे त्यांच्या लोकांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी ते घाणा बंद ठेवत. बाईंचे वडील परळला गिरणीत होते. बाईंचं मराठी माझ्याहून स्वच्छ होतं आणि हे त्या मला आठवड्यातून एकदा तरी सांगत.

हे नाव शाळेत कुणालाही घेता येत नव्हतं. शिपाई हप्सीबाई म्हणायचा. ऑफिसातला क्लार्क पगाराच्या दिवशी हप्तेबाई अशी हाक मारायचा आणि वर स्वतःच हसायचा. मुलांनी सरळ 'हापशी' करून टाकलं होतं, आणि बाई जिन्यावरून येताना दिसल्या की कुणीतरी हवेत दांडा मारून पाणी उपसल्याचा अभिनय करी. मी त्या मुलांना रागावत असे, पण हळू आवाजात.

मी नोकरीला लागलो त्या आठवड्यात ओळख करून घ्यायला त्यांच्या टेबलाशी गेलो. "नमस्कार, हेफ्..." म्हणालो आणि अडकलो. "माफ करा."

"माफी नंतर. आधी नाव पुरं कर."

"हेफ्झि..."

"झ इंग्रजांनी घातला. त्यांचं मी समजू शकते, त्यांना ळ पण येत नाही. तू मराठीचा मास्तर ना? च किती?"

"दोन."

"कुठले?"

"एक चहातला, एक चमच्यातला."

"शाब्बास. चमच्यातला घे आणि त्याला ई लाव. हेफ्, मग तो च, मग ई, मग बा."

मी प्रयत्न केला. आपल्या जिभेची एक वाईट सवय आहे. च ला ई लागली की तो आपोआप चहातला होतो. 'चिंच' म्हणून बघा. मी तसंच म्हणालो. बाईंनी माझ्याकडे, पाव्हण्यानं पंगतीत भात सांडल्यावर बघतात तसं बघितलं.

"अख्ख्या जगात ज्यांच्या घरात हा च आयता पडलाय त्या थोड्या लोकांत आपण. आणि आपल्यालाच काढता येत नाही. पुन्हा."

मी पुन्हा चुकलो. पुन्हा माफी मागितली. "तू माफीचा साक्षीदार दिसतोस," बाई म्हणाल्या, आणि ते नाव मला निवृत्त होईपर्यंत पुरेल असं चिकटलं. त्या दिवसापासून मी त्यांना नुसतं 'बाई' म्हणू लागलो. सगळेच म्हणत. बाकीच्यांना ते नाव येत नाही याची फिकीर नव्हती. मी मात्र चुकण्याच्या भीतीनं ते घेतलंच नाही, आणि या भीतीला मी मनातल्या मनात आदर म्हणत असे.

'पुन्हा' हा बाईंचा शब्द. उत्तर चुकलं तरी पुन्हा, बरोबर आलं तरी पुन्हा. "एकदा बरोबर कुणाचंही येतं," असं त्या म्हणायच्या.

शनिवारी त्या खडू हातात धरत नसत. शनिवारी त्यांच्यात लिहायचं नाही. पण शाळा तर अर्धा दिवस असे, म्हणून बाई येत, खुर्चीवर बसत आणि सगळं गणित तोंडी घेत. व्याज, नफा-तोटा, नळ आणि हौद, सगळं हवेत. एका शनिवारी तपासणीला साहेब आले. वर्गात फळा कोरा.

"फळ्यावर काहीच नाही, मॅडम?"

"आज शनिवार आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे काल शुक्रवार होता." मग मुलांकडे वळून, "साहेबांना एक उदाहरण घालू दे. साहेब, घाला."

साहेबांनी घातलं. पोरांनी त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत उत्तर दिलं. ते बरोबर होतं की नाही हे ठरवायला साहेबांना खिशातून पेन काढावं लागलं. बाई म्हणाल्या, "तुम्ही लिहा, तुम्हाला चालतं."

धर्मातलं त्या एवढंच पाळत, आणि त्याबद्दलही कुणी आपुलकीनं चौकशी केली तर खेकसत. नात्यातली सगळी माणसं इस्राएलला निघून गेली होती. एक चुलतभाऊ तिकडून फोन करी. "तो मला खेफ्त्सीवा म्हणतो," बाई सांगत. "नाव घेतो की घसा साफ करतो कळत नाही. तीस वर्षांपूर्वी हाच भोईवाड्यात बटाटावडे खात नीट म्हणायचा." शेवटी बा आहे की वा, असं मी एकदा विचारलं. "त्यावर आमच्यातच भांडणं आहेत. तू त्यात पडून माफी मागत बसू नकोस."

नावाचा अर्थ मात्र त्या सांगत नसत. अख्ख्या शाळेला अर्थ विचारणारी बाई स्वतःच्या नावावर गप्प. विज्ञानाच्या जोशीसरांनी कुठूनसा शोधून काढलं की याचा अर्थ 'सुरक्षित' किंवा 'राजकन्या'. बाई म्हणाल्या, "ज्या नावाचा अर्थ माहीत नसतो त्याला लोक राजकन्या लिहितात. मुलगा असला तर तेजस्वी." एवढं मात्र त्यांनी सांगितलं की या नावाची एक राणी होऊन गेली. "तिला मुलगा झाला तो महादुष्ट राजा निघाला. मी लग्नच केलं नाही. कशाला धोका घ्या?"

त्या निवृत्त झाल्या तो कार्यक्रम शाळेत अजून सांगतात, पण चुकीचा सांगतात. मी तिथे होतो. मुख्याध्यापकांनी भाषणात बाईंचं नाव तीन निरनिराळ्या तऱ्हांनी घेतलं, आणि शाल-श्रीफळ हातात घेऊन म्हणाले, "आपल्या सर्वांच्या लाडक्या हेप्सीबाबाई." हेप्सीबाबाई! संताचं नाव वाटावं असं. बाई उठल्या, माइकपाशी गेल्या.

"या नावाच्या बाई आल्यात का?" त्यांनी सभागृहाला विचारलं.

मुख्याध्यापकांनी शाल जरा खाली घेतली.

"बघा. आलेल्या दिसत नाहीत. आल्या की त्यांना द्या."

आणि पर्स उचलून चालू लागल्या. मी नारळ घेऊन त्यांच्यामागे धावलो. शाल का नाही घेतली, नारळच का, मला सांगता येणार नाही; हाताला जे लागलं ते घेतलं. फाटकाशी त्यांना गाठलं.

"बाई, माफ करा, निदान..."

"नारळ आण इकडे. मलिद्याला लागतो. शाल ठेवा म्हणावं पुढच्या बळीला."

मलिदा म्हणजे त्यांच्यातला गोड पोह्यांचा प्रसाद. दुसऱ्या आठवड्यात स्टीलच्या डब्यातून त्यांनी तो स्टाफरूमला पाठवला. मुख्याध्यापकांनीही खाल्ला.

माझी मुलगी गणितात कच्ची होती. निवृत्तीनंतर बाईंनी तिला शनिवारी दुपारी भोईवाड्यातल्या खोलीवर बोलावून घेतलं. फी विचारली तर म्हणाल्या, "तुझ्या मुलीला गणित येईपर्यंत मी जिवंत राहिले तर बघू." लिहायचं नाही, सगळं तोंडी. दोन वर्षं ती जात होती. घरी येऊन ती बाईंसारखं बोलायला लागली. मी काही विचारलं की "अर्थ?" म्हणायची. तिच्या आईला राग येई. मला, खरं सांगायचं तर, जरा अभिमान वाटे, आणि मग तसं वाटल्याबद्दल वाईट वाटे.

तिचं लग्न गिरगावात झालं. पहिली मुलगी झाली. तिचं नाव मायरा. ते विहीणबाईंच्या भाचीनं वेबसाइटवर शोधलं. अर्थ दिला होता 'अद्भुत, लाडकी, गोड', म्हणजे मिठाईच्या खोक्यावर असतो तसा. लकी नंबर आणि मोरपंखी रंगसुद्धा दिला होता. मला त्यातलं काहीच पटलं नव्हतं, आणि मी बारशाला पुढे होऊन वा वा म्हणालो होतो.

यंदा दुसरी मुलगी झाली. पहिलीच्या वेळी विहीणबाईंनी बर्फी वाटली होती. या वेळी त्या हॉस्पिटलात एक शहाळं घेऊन आल्या, लेकीच्या उशाशी ठेवलं आणि म्हणाल्या, "असू दे, असू दे. तिसऱ्याला होईल." जणू लेकीनं काहीतरी फोडलं होतं आणि त्या मोठ्या मनानं सोडून देत होत्या.

त्या गेल्यावर लेक मला म्हणाली, "बाबा, हिचं नाव हेफ्झिबा ठेवणार."

"बाईंचं?"

"त्यांनी मला अर्थ सांगितलाय. शनिवारी एकदा. मला गणितात शून्य आलं होतं तेव्हा."

"काय अर्थ?"

"'हिच्यातच माझा आनंद आहे.' हिच्यातच, बाबा. तिसऱ्यात नाही."

मी म्हटलं, बघू. मी नेहमी बघू म्हणतो.

मग सगळ्यांची मतं आली. जावयाकडच्या कुटुंबाचा मोबाइलवर ग्रुप आहे, त्यात एरवी सुप्रभातची फुलं येतात. तीन दिवस नुसती मतं येत होती. कुणी म्हणालं मुसलमानी वाटतं. कुणी म्हणालं ख्रिश्चन. नाशिकचे एक काका म्हणाले, औषधाचं वाटतं, जेवणानंतर घ्यायच्या गोळ्यांचं. जावयाच्या मित्राला ते एखाद्या कंपनीचं वाटलं. ज्या घरात मायरा खपलं होतं, त्या घराला एकदम संस्कृती आठवली. विहीणबाईंनी शेवटचं शस्त्र काढलं. म्हणाल्या, "नाव पत्रिकेतल्या अक्षरावरूनच ठेवायचं. आमच्याकडे तसंच चालतं." मायराच्या वेळी तसं चाललं नव्हतं, पण हे कुणी बोललं नाही. गुरुजींना विचारलं. पुष्य नक्षत्र. अक्षरं हू, हे, हो, डा.

लेकीनं मला फोन केला तेव्हा ती इतकी हसत होती की टाक्यांना त्रास होईल म्हणून मी घाबरलो. "बाबा, हे! हे आलंय!"

विहीणबाईंनी एका रात्रीत सावरून घेतलं. "हे म्हणजे हेमांगी," म्हणाल्या.

तेव्हा मला भोईवाड्याला जावं लागलं. लेक म्हणाली, "बाईंनी स्वतः हो म्हटलं ना, तर मी कुणाचं ऐकणार नाही. तुम्ही विचारून या."

कोर्टाच्या मागच्या चाळीत बाईंची खोली. दाराच्या चौकटीवर त्यांच्या वडिलांनी तिरकी ठोकलेली मेझुझा, म्हणजे आत प्रार्थना ठेवलेली बोटाएवढी नळी. बाई पलंगावर बसून पोहे चाळत होत्या. पंचाहत्तरी उलटलेली, पण नजर तीच.

"बाई, एक विनंती होती. माफ करा, पण..."

"झाली सुरुवात. बस. कोण गेलं?"

"गेलं नाही, आलं. मुलगी झाली. दुसरी."

"दुसरी कशाला सांगतोस? मी नंबर विचारला?"

मी खाली बघितलं. मग सगळं सांगितलं. शहाळं, पत्रिका, हेमांगी, सगळं. बाईंचे हात चाळणीवर थांबले.

"माझं नाव? त्या पोरीनं तुमचं काय घोडं मारलंय?"

"लेकीची फार इच्छा आहे."

"तुझी?"

"माझीही... म्हणजे..."

"म्हणजे नाही. ऐक. रेशनच्या दुकानात मी हफीजाबी झाले. बँकेत मिस्टर हेफ्झी. इस्पितळात एकदा कागदांवर माझ्या दोन वेगळ्या बायका झाल्या, एकीला साखर, एकीला नाही. शाळेत हापशी. तुला काय वाटलं, मला माहीत नव्हतं?"

मी मान आणखी खाली घातली.

"तू कशाला मान घालतोस? तू हापशी म्हणाला नाहीस. तू काहीच म्हणाला नाहीस."

खोलीत पंखा फिरत होता. बाईंनी पुन्हा पोहे चाळायला घेतले आणि चाळणीकडे बघतच बोलल्या.

"मी पाचवी. वर चार मुलीच. मी झाले तेव्हा गिरणीच्या खात्यातली माणसं वडिलांना भेटायला आली, कुणी मेल्यावर येतात तशी. खालच्या मजल्यावरची साताऱ्याची म्हातारी म्हणाली, हिला नकुशी म्हणा, म्हणजे पुढचा मुलगा होतो. वडील म्हणाले, नाव ठरलंय. आमच्यात जुनी गोष्ट आहे. एका ओसाड, टाकून दिलेल्या नगरीला देव म्हणतो, तुला यापुढे टाकलेली म्हणायचं नाही, हे नाव घेऊन हाक मारायची. ते त्यांनी मला ठेवलं."

"मग पुढे मुलगा झाला?" माझ्या तोंडून निघून गेलं.

बाईंनी वर बघितलं. "नाही झाला. आणि त्यांनी तुझ्यासारखं कधी विचारलंही नाही."

मी माफ करा म्हणालो. या वेळी बाईंनी तेही ऐकलं नाही.

"गिरणीची पाळी सुटली की जिन्याच्या पहिल्या पायरीवरून हाक मारायचे. सबंध नाव. चमच्यातला च. वर येईपर्यंत दोनतीनदा. ते गेले आणि नाव संपलं. नंतर उरलं ते तुमच्या सगळ्यांच्या तोंडातलं. आता त्या पोरीला घालाल, आणि लोक तिचं हेपी करतील. मग हॅपी. कुत्र्याला ठेवतात. नाही. सांग तुझ्या मुलीला, बाईंनी नापास केलं."

मी येऊन सांगितलं. लेकीनं बराच वेळ बाळाच्या दुपट्याची घडी केली आणि मोडली. मग सासूला फोन लावला. "आई, नाव तुम्ही म्हणाल ते. हेमांगी तर हेमांगी. पण आत्या मी ठरवणार."

बारशाला नाव आत्यानं ठेवायचं असतं, आणि जावयाला बहीण नाही. मायराच्या वेळी विहीणबाईंची भाची आत्या झाली होती, आणि वेबसाइट पण तिनंच आणली होती. "या वेळी बाई आत्या," लेक म्हणाली.

"त्या? अगं पण त्यांना चालेल का? म्हणजे आपल्याला..."

"नाव तुमचं, आत्या माझी," लेक म्हणाली. विहीणबाई सौदा ओळखतात.

बाईंना मी फोनवर विचारलं. नाही म्हणतील अशी माझी खात्री होती, म्हणजे खरं तर आशा होती.

"काय ठेवताय? हेमांगी?" बाई म्हणाल्या. "सोन्याच्या अंगाची. बाजारभाव बघून ठेवलेलं दिसतं. येते मी. कुर्र आमच्यातही करतात."

रविवारी लालबागला आमच्या घरी बारसं झालं. चाळीच्या जागी टॉवर झालाय, चौदाव्या मजल्यावर आम्ही. पाळणा हॉलमध्ये टांगला होता. बाई पांढऱ्या नारिंगी काठाच्या साडीत आल्या, लिफ्टमधून उतरतानाच म्हणाल्या, "एवढं वर राहून खाली तेच दिसतं ना?" पाळण्यापाशी मायरा उभी होती, झोक्याची दोरी धरून.

"नाव काय तुझं?"

"मायरा."

"अर्थ?"

"मला नाही माहीत. तुमचं नाव काय?"

"बाई."

"अर्थ?" मायरानं विचारलं.

बाईंनी मायराकडे जरा निरखून बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ही कुणावर गेली? तुझ्यावर नक्की नाही."

बायकांनी बाळाला पाळण्याच्या खालून दिलं, वरून घेतलं, पाळण्यात ठेवलं. मग आत्याची पाळी. आत्यानं वाकून बाळाच्या कानात कुर्र म्हणून नाव सांगायचं आणि तेवढ्यात बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, अशी रीत. बाई वाकल्या. बायकांनी वयाकडे बघून हलकेच हात लावले. विहीणबाईंनी मात्र एक चांगला जोरात घातला. आठवडाभराचं सगळं त्यात होतं. बाई हलल्या नाहीत. त्या वाकलेल्याच राहिल्या. हात लावून लावून बायका थांबल्या, एकमेकींकडे बघायला लागल्या.

"अहो, एवढा वेळ काय सांगताय?" विहीणबाई म्हणाल्या.

"पाढे," बाई पाळण्यातूनच म्हणाल्या. "आतापासून सुरू केले तर निभाव लागेल."

सगळ्या हसल्या. बाई कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या, चष्मा पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "हेमांगी." हजेरी घेतल्यासारखं. मग घुगऱ्यांची वाटी घेतली, हरभरे कच्चे राहिलेत म्हणाल्या, आणि सगळ्या संपवल्या. निघताना लेकीच्या गालाला हात लावला. लेक रडत होती. "शून्य आलं तेव्हा रडली नव्हतीस," बाई म्हणाल्या. मला म्हणाल्या, "खाली सोडायला येऊ नकोस. लिफ्टला माफी मागत बसशील."

संध्याकाळी पाहुणे गेले. विहीणबाई उरलेली बर्फी बांधून घेऊन गेल्या. या वेळी बर्फी होती. लेक आतल्या खोलीत बाळाला पाजत होती. मी पाळण्याच्या फुलांच्या माळा सोडत होतो. मायरा पाळण्याखाली बसून खाली सांडलेल्या घुगऱ्या एकेक करून खात होती.

"आजोबा, हेफ्त्सीबा म्हणजे काय?"

माझ्या हातातली माळ तुटली. तिचा च चमच्यातला होता. त्याला ई लागली होती आणि तो जागचा हलला नव्हता.

"कुठे ऐकलंस?"

"ती आजी बाळाच्या कानात म्हणाली. हळू. खूप वेळा. मी इथेच होते. म्हणजे काय?"

मी खाली तिच्याजवळ बसलो. गुडघे दुखतात, पण बसलो. "म्हणजे, हिच्यातच माझा आनंद आहे."

"कुणाच्यात? बाळाच्यात?"

"बाळाच्यात."

तिनं एक हरभरा तोंडात टाकला आणि विचार केला. "आणि मी?"

"तुझ्यातही."

"मग माझ्या कानात का नाही सांगितलं?"

बघू म्हणायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं. तिनं केस मागे केले आणि कान माझ्यासमोर धरला. त्याला घुगऱ्यांचं मीठ लागलं होतं. मी वाकलो, कुर्र म्हणालो, आणि तीस वर्षांत कधी न घेतलेलं बाईंचं नाव घेतलं. पाठीत घालायला कुणी नव्हतं.

मायरानं कान चोळला. मग माझ्याकडे बघितलं, पंगतीत भात सांडल्यावर बघतात तसं.

"असं नाही म्हणाली ती आजी," ती म्हणाली. "पुन्हा."